काटा आणि दिवा

मनुष्यानें आपल्या वाहनाला डोळे दिले, कर्कश कां होईना पण कंठ दिला, आणि अलीकडे तर वाट चुकूं नये म्हणून स्मरणशक्तीहि दिली; परंतु आपलें दुखणें वेळेवर सांगण्याची भाषा त्याला द्यावयास मात्र तो नेहमीं कांकूं करीत आला आहे. बैल थकला कीं मान टाकतो, घोड्याच्या तोंडाला फेंस येतो, आणि ज्याच्या अंगीं थोडीबहुत माणुसकी आहे असा गाडीवान त्या खुणा ओळखून जूं उतरवतो. यंत्राचें तसें नाहीं. तें निमूटपणें राबत राहतें, आणि ज्या दिवशीं तक्रार करतें त्या दिवशीं ती ऐकून कांहीं करण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. म्हणून त्याच्या पोटांतली गोष्ट बाहेर आणणारा एखादा दुभाषी पदरीं बाळगावा लागतो. मोटार हांकणाऱ्याच्या समोर घड्याळासारखे जे लहानमोठे गोल असतात, ते हे दुभाषी. दुकानदार त्यांना ‘गेज’ म्हणतो, आमच्याकडचे ड्रायव्हर सरसकट ‘मीटर’ म्हणतात, आणि आमच्या वहिनी ‘घड्याळं’ म्हणतात. मी ह्या तिन्ही नांवांचा उपयोग करणार आहें.

ज्या फळीवर हे मीटर बसवितात तिचें ‘डॅशबोर्ड’ हें नांव मुळांत घोडागाडीचें आहे. घोड्याच्या टापांनीं उडालेला चिखल आंत बसलेल्यांच्या अंगावर येऊं नये म्हणून गाडीच्या पुढें एक फळी उभी करीत, तिचें हें नांव. घोडा गेला, चिखल गेला, फळी मात्र राहिली. आणि जी वस्तु बाहेरचें कांहीं आंत येऊं नये म्हणून निर्माण झाली, तीच पुढें आंतलें सर्व बाहेर सांगण्याच्या कामीं आली. भाषेच्या इतिहासांत असे विनोद पुष्कळ सांपडतात.

आरंभीच्या मोटारींना ही वाचा जवळजवळ नव्हतीच. १९०८ सालीं निघालेली फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ घ्या. तिच्या टाकींत पेट्रोल किती आहे हें पाहावयाचें तर बैठक उचलून टाकींत काठी बुडवावी लागे. पाणी किती तापलें हें सांगणारें कोणतेंहि साधन कारखान्यांतून मिळत नसे. ही उणीव हेरून हॅरिसन बॉइस नांवाच्या एका अमेरिकन गृहस्थानें १९१२ च्या सुमारास रेडिएटरच्या झांकणावर बसणारा एक उष्णतामापक काढला. तो गाडीच्या नाकाडावर, बाहेर, वाऱ्यापावसांत उभा असे. आणि चालकानें बसल्या जागेवरून कांचेपलीकडे त्याच्या नळींतली तांबडी रेघ पाहावयाची. गाडी घेतल्यावर मागाहून पदरचे पैसे खर्चून लावलेले मीटर म्हणतात त्यांचा हा मूळ पुरुष. पुढें १९२५ मध्यें फोर्डनें ह्याच मॉडेल टीच्या पाठीमागें हौदा जोडून आपली पहिली पिकअप् गाडी विकावयास काढली; तेव्हां पिकअप् आणि वरून लावलेला मीटर ह्यांचा संबंध शंभर वर्षांचा जुना आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. आजहि अमेरिकेंत डिझेलच्या पिकअपला मागें अवजड ट्रेलर लावून डोंगर चढणारे लोक समोरच्या कांचेच्या कडेला जो खांब असतो त्यावर दोनतीन मीटर एकावर एक बसवून घेतात. एक टर्बोचा दाब सांगतो, दुसरा इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराची उष्णता, तिसरा गिअरपेटींतील तेलाची. ही हौस खरी. परंतु ज्याच्या मागें ओझें आणि पुढें चढण आहे त्याची हौस निराळी असते.

मध्यंतरीं मोटारकारखान्यांना एक युक्ति सुचली. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील हडसन कंपनीनें तेलाचा दाब आणि विजेचा भरणा दाखविणाऱ्या काट्यांच्या जागीं तांबडे दिवे बसविले. काट्यापेक्षां दिवा स्वस्त. आणि काटा वाचावा लागतो, दिवा नुसता दिसतो. इतर कंपन्यांनीं हळूहळू तीच वाट धरली. अमेरिकेंतील जाणत्या मंडळींनीं मात्र ह्या दिव्याचें नांव ‘मूर्खांचा दिवा’ असें ठेविलें, व तें आजतागायत चालत आहे. नांव कडवट असलें तरी त्यांत तथ्य आहे. तेलाचा दिवा बहुधा दर चौरस इंचास पांचसात पौंड इतका दाब उतरल्यावरच पेटतो. चाळिसावरून विसावर, विसावरून दहावर दाब उतरत असतां तो स्वस्थ असतो. घर जळून गेल्यावर ‘आग, आग’ म्हणून ओरडणाऱ्या पहारेकऱ्यासारखी त्याची निष्ठा!

बरें, जेथें काटा शिल्लक आहे तेथें तरी तो खरें बोलतो काय? पुष्कळशा आधुनिक गाड्यांत पाण्याचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. पाणी ऐंशी अंशांच्या पुढें गेलें कीं काटा मधोमध येऊन उभा राहतो, आणि तेथून शंभराच्या आसपास जाईपर्यंत जागचा हालत नाहीं. कारण काटा थोडा इकडेतिकडे झाला कीं गिऱ्हाईक घाबरतें, आणि गाडी घेऊन तक्रार करावयास येतें. अशा रीतीनें लोकांचें समाधान राखण्याकरितां दुभाष्याला मुत्सद्दी बनविण्यांत आलें आहे.

हें सर्व पुस्तकी ज्ञान शाळेंत तीस वर्षें शास्त्र शिकविलेल्या मनुष्याच्या डोक्यांत असणें स्वाभाविक आहे. परंतु त्याची किंमत मला कळली ती माझ्या पुतण्याच्या पिकअपमुळें. आमचें घर रत्नागिरीजवळ. माझे वडील बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, त्यांनीं बत्तीस वर्षें दुसऱ्याच्या मालकीचे ट्रक चालविले. त्यांच्या मुलानें कर्ज काढून स्वतःची पिकअप् घेतली. एप्रिल-मेमध्यें तो आमच्या व शेजारच्या बागांतील हापूसच्या पेट्या घेऊन रात्रीं निघतो; हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करीत आंबा घाट चढतो, आणि मलकापूरवरून उजाडतां उजाडतां कोल्हापूरच्या बाजारांत पोंचतो. वर्षाच्या मिळकतीचा मोठा वांटा ह्या दोन महिन्यांत पदरांत पडतो. आणि कर्जाचे हप्ते मात्र बाराहि महिने भरावे लागतात.

२०२३ च्या मे महिन्यांत त्याची गाडी भरल्या हौद्यानिशीं घाटांत बंद पडली. रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारी खालची रबरी नळी फुटली व सारें पाणी पांचदहा मिनिटांत रस्त्यावर गेलें. मौज, किंवा दुर्दैव, असें कीं समोरच्या काट्यानें ह्याचा सुगावा लागूं दिला नाहीं. पाण्याची उष्णता मोजणारें बोंड पाण्यांत बुडलेलें असेल तरच तें काम करतें. पाणीच नाहींसें झाल्यावर तें कोरड्या वाफेंत लोंबत राहिलें, आणि काटा वर चढण्याऐवजीं किंचित् खालींच आला. पुतण्याला वाटलें, गाडी निवत आहे. दिवा पेटला तेव्हां इंजिनाचें हेड वांकून गेलेलें होतें. पेट्या दुसऱ्या गाडींत भराव्या लागल्या, आणि ऐन हंगामाचे तीन आठवडे पिकअप् मिस्त्र्याच्या दारांत उभी राहिली. त्या तीन आठवड्यांत घरांत कोणी कोणाशीं मोठ्यानें बोललें नाहीं एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

पुढच्या हंगामापूर्वीं गाडीला स्वतंत्र मीटर बसवावे असा विचार पुतण्यानें काढला, तेव्हां दादांनीं तो उडवून लावला. “बत्तीस वर्षं गाडी चालवली,” ते म्हणाले, “एक इंजिन जाळलं नाही. मीटर कशाला हवेत? कान उघडे ठेव, नाक उघडं ठेव. इंजिन तापायला लागलं की त्याचा आवाज जड होतो.”

दादांचें हें म्हणणें बढाईचें नव्हतें. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या आवाजावरून त्याचा कोणता वॉल्व्ह ढिला आहे हें त्यांनीं सांगितलेलें मीं अनेकदां ऐकलें आहे. परंतु ज्या केबिनमध्यें बसून ते कान तयार झाले, त्याच केबिनच्या गडगडाटानें ते खाल्लेहि. आज दादांना उजव्या कानानें जवळजवळ कांहीं ऐकूं येत नाहीं, आणि डाव्या कानाशीं ओरडावें लागतें. हें सर्वांना ठाऊक होतें व कोणीहि बोललें नाहीं. पुतण्या फक्त मला बाहेर ओसरीवर म्हणाला, “काका, बाबांचे कान बाबांचे. ते काय मला वारशात मिळाले नाहीत.”

मला हें वाक्य फार दिवस पुरलें. अनुभवी माणसाचें ज्ञान त्याच्या अंगांत मुरलेलें असतें, आणि म्हणूनच तें दुसऱ्याच्या हातीं देतां येत नाहीं. वैद्याच्या बोटांतली नाडी, सुगरणीच्या हातांतलें मीठ, तांडेलाच्या डोळ्यांतला वारा, हीं त्या त्या माणसाबरोबर जावयाचीं. यंत्रावरचा आंकडा त्यांच्यापुढें दरिद्री दिसतो खरा. परंतु तो बापाकडून मुलाला, आणि मुलाकडून परक्यालाहि, जशाचा तसा देतां येतो. तें दारिद्र्य त्याचा दोष असेल, पण देतां येणें हा त्याचा थोर गुण आहे.

२०२४ च्या फेब्रुवारींत आम्हीं मीटर आणले. बाजारांत पाण्याच्या नळींत बसणारा मापक मिळतो. वरची नळी कापून मध्यें एक धातूचा तुकडा घालावयाचा व त्यांत बोंड पिळावयाचें. परंतु आमचा घात पाणी गेल्यामुळें झाला होता. तेव्हां पाण्यावर विसंबणारा आणखी एक साक्षीदार घेण्यांत अर्थ नव्हता. म्हणून आम्हीं दुसरा प्रकार निवडला. त्याच्या वायरच्या टोंकाला एक चपटी कडी असते. ती इंजिनाच्या हेडवरील एका बोल्टखालीं आवळतात, आणि मग तो पाण्याची नव्हे तर खुद्द धातूचीच उष्णता सांगतो. पाणी असो वा नसो, लोखंड तापलें कीं त्याला कळतेंच. दुसरा मीटर तेलाच्या दाबाचा, आणि तिसरा बॅटरीच्या व्होल्टचा.

तेलाच्या मीटरचेहि दोन प्रकार आहेत. एकांत तेल स्वतः बारीक नळींतून केबिनमध्यें येतें व मीटरच्या आंतील वांकड्या नळींत शिरतें. युजीन बूरदाँ ह्या फ्रेंच कारागिरानें १८४९ मध्यें पेटंट घेतलेली ही युक्ति इतकी सुटसुटीत आहे कीं मी ती वर्गांत जत्रेंतल्या पिपाणीनें समजावून देत असें. फुंकली कीं गुंडाळलेली कागदी जीभ उलगडते. तसाच आंत दाब आला कीं नळीचा बांक किंचित् सुटतो, आणि तेवढ्या हालचालीवर काटा फिरतो. पण गाडींत ही पिपाणी ठेवणें म्हणजे ऊन तेलाची नळी ड्रायव्हरच्या गुडघ्यापाशीं आणून ठेवणें; ती कोठें झिजली तर? आम्हीं विजेवर चालणारा घेतला. मिस्त्र्यापाशीं मात्र तपासणीकरितां जुना बूरदाँच्या जातीचा मीटर होता, आणि शेवटीं ताळा पाहावयास तोच उपयोगीं पडला.

मीटर बसविण्याचें काम सकाळीं सुरू झालें तें दिवेलागणीस संपलें. तेलाच्या दिव्याचें बटण जेथें इंजिनांत पिळलेलें असतें, तेथें पितळेची ‘टी’ बसवून एका फांट्याला जुनें बटण व दुसऱ्याला नवें बोंड लावतात. परंतु डिझेल इंजिनाचा थरकाप मोठा. जड बोंड तसेंच लोंबतें ठेविलें तर कांहीं महिन्यांत ‘टी’ची मान तुटण्याची भीति. म्हणून मिस्त्र्यानें मध्यें जाळीची लवचिक नळी घालून बोंड बाजूच्या पत्र्यावर आवळलें. वायरी केबिनमध्यें घेण्याकरितां पत्र्याच्या भिंतींत जें भोंक होतें त्यांत त्यानें आधीं रबरी वाटी बसविली. कारण उघड्या पत्र्याची धार वायरचें कातडें सोलते, आणि मग मीटर सांभाळावयाचा राहून गाडीच पेट घेते. विजेची वायर त्यानें अशा ठिकाणीं जोडली कीं चावी फिरविली तरच मीटर जागे व्हावे. आणि प्रत्येक वायरीला लहानसा फ्यूज घातला.

सर्व झालें, चावी फिरविली, आणि इंजिन सुरूहि नसतांना तेलाचा काटा थेट शेवटच्या आंकड्यावर जाऊन बसला! पुतण्याचा चेहरा उतरला. मिस्त्री हंसला. विजेच्या बोंडाला एक वायर मीटरकडून येते, पण परतीची वाट त्याच्या स्वतःच्या अंगांतून, पत्र्यांतून असते. आणि ज्या पत्र्यावर तें आवळलें होतें त्याचा रंग तसाच होता. त्यानें पानाच्या दाताऱ्यानें रुपयाएवढी जागा खरवडली, बोंड पुन्हां आवळलें, आणि काटा शहाण्या मुलासारखा शून्यावर येऊन बसला. मग इंजिन सुरू केलें. थंड तेलाला जाडी असते म्हणून दाब प्रथम वर गेला, आणि तेल तापलें तसा हळूहळू उतरून एका जागीं ठरला. मिस्त्र्याचा जुना मीटरहि तोच आंकडा दाखवीत होता. व्होल्टचा काटा इंजिन बंद असतां साडेबाराच्या पलीकडे, व चालू असतां चौदाच्या जवळ. म्हणजे बॅटरी निरोगी आणि तिला भरणाहि व्यवस्थित मिळत आहे.

परंतु त्या दिवसाची खरी गोष्ट याच्या आधींच, दुपारीं, घडली होती. मीटर बसवावयाचे कोठें? मिस्त्री म्हणत होता, उजव्या हाताला, कांचेच्या खांबावर. तेथें ते ड्रायव्हरच्या नजरेसमोर राहतात. पुतण्यालाहि तेंच पसंत होतें. सकाळपासून दादा बाजूला खुर्ची टाकून, पाठ फिरवून, वर्तमानपत्र वाचीत बसले होते. काय बोलणें चाललें आहे हें त्यांना ऐकूं येणें शक्य नव्हतें. पण मिस्त्र्यानें खांबावर हात ठेवलेला त्यांनीं कसा कोण जाणे पाहिला. ते उठले, गाडीपाशीं आले, आणि डॅशबोर्डाच्या मध्यावर बोट ठेवून म्हणाले, “इथं लाव. खांबावर नको. इकडच्या सीटवरून मला दिसलं पाहिजे.”

कोणी कांहीं बोललें नाहीं. मिस्त्र्यानें मधल्या जागेचें माप घेतलें. बावन्न मिलीमीटर व्यासाचीं तीन घड्याळें तेथें अगदीं बेतानें मावलीं.

ह्या जातीचा मीटर बसविल्यावर पहिल्या दिवसापासून त्याला धोक्याचा आंकडा शिकवितां येत नाहीं. प्रत्येक इंजिनाचा स्वभाव निराळा, आणि कडी कोणत्या बोल्टखालीं आहे यावरहि आंकडा बदलतो. आधीं त्याचा नेहमींचा आंकडा समजून घ्यावा लागतो, आणि मग त्याच्या थोडें वर सूचनेची घंटा लावतात. पुतण्यानें एक वही केली. रिकामी गाडी, सपाटी, इतके. भरलेली, हातखंबा, इतके. साखरपा सोडल्यावर इतके. दोन आठवड्यांनीं त्या वहींतून एक विलक्षण गोष्ट बाहेर पडली. घाटांत तिसऱ्या गिअरमध्यें गाडी रेटली कीं काटा चढत जाई. तीच दुसऱ्या गिअरमध्यें, इंजिन मोकळेपणानें फिरवीत नेली, तर तो चढतां चढतां थबके आणि दोनतीन अंश खालीं येई. कारण उघड आहे. इंजिन जलद फिरलें कीं त्याच्याबरोबर पाण्याचा पंप आणि पंखाहि जलद फिरतो. आणि कमी फेऱ्यांत जास्त ओढ पडली कीं उष्णता सांचत राहते. पण मौज ही नव्हे. मौज अशी कीं दादा त्याला चार वर्षें हेंच सांगत आले होते: “घाटात दुसऱ्यात घाल, दुसऱ्यात. इंजिन कण्हतंय ते ऐकू येत नाही का?” आणि चार वर्षें तो मनांत म्हणत आला होता कीं बाबांना जुन्या ट्रकांची संवय आहे. काट्यानें बापाच्या कानाची साक्ष मुलाला पटवून दिली. यंत्र आलें कीं जुनें ज्ञान मोडींत निघतें असें आपण धरून चालतों. येथें त्यानें जुन्या ज्ञानाची बाजू घेतली.

काट्याचा हा गोड भाग झाला. त्याचा कडू भागहि सांगितला पाहिजे. त्याच हंगामांत, मेच्या दुसऱ्या आठवड्यांत, साठ पेट्या घेऊन घाट चढत असतां काटा नेहमींच्या जागीं थांबला नाहीं. अठ्ठ्याण्णव, शंभर, एकशेतीन. दुसरा गिअर घातलेला होता. एकशेसातावर घंटा वाजली. तेलाचा दाब ठीक, दिवा एकहि नाहीं, कारखान्याचा काटा मधोमध, आणि माथा अवघा दोनतीन वळणांवर! अशा वेळीं मनुष्याचें मन किती वकिली करतें हें ज्याला हप्ते भरावयाचे आहेत त्यालाच ठाऊक. पुतण्यानें गाडी कडेला घेतली. विजेरीच्या उजेडांत पाहतां रेडिएटरच्या तोंडावर एक मोठी प्लास्टिकची पिशवी चिकटून बसलेली. रस्त्यावरून उडालेली ती वाऱ्याचा मार्गच अडवून बसली होती. ती काढली, पण इंजिन निवेपर्यंत पाऊण तास गेला. त्यामुळें सकाळचा पहिला सौदा चुकला व पेटीमागें शंभराच्या आसपास रुपये कमी आले. त्यांतल्या वीस पेट्या शेजारच्या बागाइतदाराच्या होत्या. तो दारांत येऊन म्हणाला, “तुझी गाडी बंद पडली नव्हती, दिवा लागला नव्हता. मग मीटरचा आकडा बघून तू माझा माल उशिरा नेलास?”

ह्या प्रश्नाला उत्तर नाहीं. टळलेल्या संकटाची पावती कोणी देत नसतें. पुतण्यानें त्या वीस पेट्यांचें भाडें घेतलें नाहीं.

त्या रात्रीं मला दिव्यांत व काट्यांत खरा भेद कोणता तें समजलें. दिवा निकाल सांगतो. काटा खटला चालू असतांना सांगतो. दिवा पेटला कीं मनुष्य हळहळतो, पण मोकळा होतो, कारण करावयाचें असें कांहीं उरलेलें नसतें. काटा मात्र त्याच्यावर कर्तव्य लादतो. थांबावें कीं जावें, आतां कीं पुढच्या वळणावर, हें ठरविण्याचा भार तो प्रत्येक क्षणीं त्याच्या माथीं ठेवतो. म्हणून लोकांना दिवा आवडतो. आपल्यापैकीं कितीजण घरांत रक्तदाब मोजण्याचें यंत्र आणून कपाटांत ठेवून देतात! तें महाग असतें म्हणून नव्हे, मोजणें कठीण असतें म्हणूनहि नव्हे. आंकडा कळला कीं मीठ सोडावें लागतें, दादांना सांगावें लागतें, डॉक्टरकडे जावें लागतें; न कळला तर आजचा दिवस कालच्यासारखा जातो. अज्ञानांत सुख असतें असें म्हणतात, पण तें सुख उसनें आणलेलें असतें. त्याचे हप्ते फिटावयाचेच असतात.

उलट पक्षीं, काट्याकडे टक लावून बसणेंहि खरें नव्हे. पहिले कांहीं दिवस पुतण्या रस्त्यापेक्षां मीटरकडे अधिक पाहत असे, आणि एक अंश वर गेला तरी त्याच्या कपाळावर आठी पडे. दादांनींच त्याला ताळ्यावर आणलें. “बायकोकडं बघतोस तसं बघावं,” ते म्हणाले, “अधूनमधून, पण विसरू नये.” वहिनी आंतून म्हणाल्या, “हे कोण सांगतंय पाहा!”

वहिनींची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. मीटर बसवून गाडी प्रथम घरीं आली त्या दिवशीं त्यांनीं तिला ओंवाळलें, आंत वांकून तिन्ही घड्याळें पाहिलीं, आणि मला विचारलें, “भाऊजी, हे काय काय सांगतात?” मीं सांगितलें: हा धातूची उष्णता, हा तेलाचा दाब, हा विजेचा भरणा. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, “एवढी घड्याळं लावलीत ती बरी झालं. पण रात्री दोन वाजता पोराला डुलकी आली, तर ती ह्यातल्या कशात दिसते?”

तीस वर्षें शास्त्र शिकविणारा मनुष्य ह्यावर गप्प बसला. अलीकडे महाग मोटारींत चालकाच्या डोळ्यांवर पाळत ठेवून त्याला जागें करणारीं साधनें निघालीं आहेत हें मला माहीत होतें; पण तें उत्तर त्या प्रश्नाचें नव्हतें, आणि आमच्या पिकअपचेंहि नव्हतें. उत्तर दादांनीं डॅशबोर्डावर बोट ठेवलें तेव्हांच दिलें होतें, आणि तें त्या क्षणीं आमच्यापैकीं कोणाच्याहि लक्षांत आलें नव्हतें. ज्याला काटा दिसला पाहिजे, तो गाडींत असला पाहिजे.

२०२४ चा व २०२५ चा असे दोन्ही हंगाम दादा मुलाबरोबर गाडींत डाव्या बाजूला बसून गेले. इंजिन त्यांना ऐकूं येत नाहीं. तें ते आतां डोळ्यांनीं ऐकतात. साखरप्याला चहाकरितां व अर्धा तास डोळे मिटण्याकरितां गाडी थांबते, हा नेम त्यांनीं घालून दिला आहे. घाट सुरू झाला कीं ते बोलूं लागतात: जुने ट्रक, जुने मालक, पावसांत अडकलेल्या रात्री, आणि कमी ऐकूं येणारीं माणसें बोलतात तसें फार मोठ्यानें बोलतात. मीं पुतण्याला एकदां विचारलें कीं ह्या आरडाओरड्याचा तुला त्रास होत नाहीं काय? तो म्हणाला, “काका, काट्याकडं बाबा बघतात. आणि बाबा बोलायचे थांबले, की मी बाबांकडं बघतो.”

वहिनी मात्र साखरप्याहून फोन येईपर्यंत जाग्याच असतात.